वरच्या फळीवरचा बर्फ

दाढ बसवून घ्यायला काटासाहेबांनी होकार दिला, त्यात त्यांना काय काय मिळणार होतं हे आधीच बघून ठेवलेलं बरं. कारण पुढे लोक म्हणाले की त्यांनी सुनेसाठी त्याग केला, आणि त्याग हा शब्द जरा तोलून वापरावा.

मिळणार होती ती एक दाढ. खालची, डाव्या बाजूची. तिच्या जागी कित्येक वर्षं नुसता खड्डा होता, आणि कुणी अक्रोडाची वाटी पुढे केली की काटासाहेब घड्याळाकडे बघत. दाढेबरोबर आयुष्यभर पुरेल असा एक उपकार मिळणार होता, जो सुनेच्या नावावर राहणार होता आणि ज्याचा उल्लेख ते कधीच करणार नव्हते, म्हणजे अधूनमधून करणार होते. आणि या दोन्हींहून मोठी अशी एक हकिगत मिळणार होती, क्लबातल्या वाफेच्या भट्टीत वरच्या फळीवर बसून सांगण्यासारखी.

काटासाहेब म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. उभा जन्म दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात गेला. तळाशी पोकळ केलेलं वजन ते नुसतं हातात घेऊन ओळखत, आणि दुकानदाराकडे न बघता जप्त करत. निवृत्तीनंतर काटे सुटले, पण सवय सुटली नाही. चहात साखर जास्त झाली तर ते पाणी घालत नसत. अर्धा कप बिनसाखरेचा मागवून त्यात मिसळत. जगात जे काही वाईट होतं ते एका पारड्यात जास्त पडल्यामुळे होतं, आणि दुसऱ्या पारड्यात तेवढंच टाकलं की मिटतं, असं त्यांचं साधं मत होतं. हे मत त्यांना कधी महागात पडलं नव्हतं, म्हणून ते पक्कं झालं होतं.

सूनबाई दातांची डॉक्टर. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असे आणि सुट्टीला येई. घर चालत होतं ते काटासाहेब, त्यांची बायको आणि सूनबाई या तिघांत. सूनबाई ज्या दवाखान्यात होती तिथे मोठे डॉक्टर सांगतील तो कायदा. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर नवा दात चढवायचा, हे काम तिथे फक्त तेच करत. सूनबाई शिकलेली होती, त्यांच्या शेजारी उभी राहून पुष्कळ पाहिलेलं होतं, पण स्वतःच्या हातानं पहिला स्क्रू अजून बसवायचा होता. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की एक कर, तो हाडात धरला की पुढची सगळी तुझ्याकडे. आता अडचण अशी की पहिलं व्हायला कुणी तयार नसतं. पेशंट विचारतो, आधी किती केलीत? आणि सूनबाईला खोटं बोलता येत नसे.

हे तिनं एकदा जेवताना सांगितलं. काटासाहेबांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, “माझा जबडा घे.”

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. ती त्यांना ओळखत होती. पण सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ती काही बोलली नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तोंड बधिर, डोळ्यांवर कापड, आणि कानात ड्रिलचा आवाज. मध्ये मध्ये थंड पाण्याची धार. हाडात ड्रिल फिरतं तेव्हा हाड तापतं, आणि फार तापलं तर मरतं, म्हणून ते सतत पाण्यानं गार ठेवायचं, हे सूनबाईनं आधीच समजावलं होतं. काटासाहेबांना ते पटलंही होतं. एकीकडे उष्ण, एकीकडे गार.

टाके घालून झाल्यावर तिनं सूचना दिल्या. बाहेरच्या पेशंटला त्या छापील कागदावर देतात, वाचून दाखवतात आणि खाली सही घेतात. पण सासऱ्यापुढे कागद धरून सही मागायची म्हणजे कसंतरीच. तेव्हा तिनं तोंडीच सांगितलं. आज-उद्या गालाला बर्फ लावत राहा, थोडा वेळ लावायचा, थोडा वेळ काढायचा. गरम खाऊ-पिऊ नका. आणि मग जरा अडखळत, पदर नसताना पदर सावरल्यासारखं करत ती म्हणाली, “बाबा, जमलं तर थोडे दिवस त्या भट्टीत नाही गेलात तर बरं होईल.”

बाहेर दाढ काढून घेतलेला एक पेशंट बसला होता. त्याला ती तेच सांगताना काटासाहेबांनी दारातून ऐकलं: वाफ नाही, शेक नाही, चालणार नाही. त्यांनी फरक टिपला. नोकरीत त्यांनी हेच तर केलं होतं, काय बंद आहे आणि काय नुसतं सुचवलेलं आहे ते बघणं. त्यांना बंदी नव्हती, विनंती होती. आणि विनंतीचा विचार करायचा असतो.

भट्टीबद्दल सांगायला हवं. काटासाहेब ज्या पोहण्याच्या क्लबात जात तिथे तलावाला लागून एक लाकडी खोली होती. आत शेगडीवर तापलेले दगड, आणि एकावर एक अशा पायऱ्यांसारख्या फळ्या. दगडांवर पाणी ओतलं की वाफेचा लोट उठतो आणि सरळ वर जातो; म्हणून खालच्या फळीवर नवखे, मधल्या फळीवर बरे, आणि वरच्या फळीवर पोचलेले. वरच्या फळीच्या कोपऱ्यात जो बसेल त्याच्या हातात लांब दांड्याचा डाव. पाणी कधी ओतायचं, किती ओतायचं, हे तो ठरवणार. बाकीच्यांनी घाम गाळत त्याच्या तोंडाकडे बघायचं. हा कोपरा निवडणुकीनं मिळत नसे. तो रिकामा व्हावा लागे, आणि लागोपाठ दोन बैठकांना माणूस आला नाही की तो रिकामा धरला जाई. काटासाहेबांकडे तो असाच आला होता. आधीच्या गृहस्थांना हृदयाचा त्रास सुरू झाला होता. काटासाहेब त्यांना भेटायला गेले होते, फळं घेऊन, आणि परत येताना डाव घेऊन आले होते.

मधल्या फळीवर एक माजी हेडमास्तर बसत. ते कोपऱ्याकडे असे बघत की जणू तिथे बसलेला माणूस काचेचा आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशीची बैठक चुकली होतीच. दुसऱ्या दिवशीचीही चुकली असती तर विषय संपला होता. काटासाहेबांनी दिवसभर गालाला बर्फ लावत दोन्ही बाजू तोलल्या. सूनबाईनं बर्फ लावा म्हटलं आहे, ते लावू. वाफेनं उष्णता वाढणार. बर्फानं ती कमी होणार. भट्टीत बर्फ लावून बसलं तर काटा मध्यावरच राहील. यात कुणाची अवज्ञाही नाही. संध्याकाळी त्यांनी तोंड रुंद असलेला थर्मास बर्फानं भरला, नॅपकिन घेतला, आणि बायकोला सांगितलं की जरा पाय मोकळे करून येतो.

ते वरच्या फळीवर गालाला बर्फ धरून बसले तेव्हा खालून हेडमास्तरांनी विचारलं, “काटासाहेब, हे काय?”

“बर्फ.”

“भट्टीत?”

“बरोबरी करतोय.”

खालच्या फळीवर एक शिंपी होता, कमी बोलणारा. त्यानं मान वर न करता म्हटलं, “मग घरी बसला असतात तर दोन्ही वाचलं असतं.”

लोक हसले. काटासाहेबही हसले, अर्ध्या तोंडानं, आणि ते हसू थांबवायला त्यांनी दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. बर्फ नॅपकिनमधून मनगटावर, मनगटावरून कोपरावर ओघळू लागला. मग त्यांनी आपली हकिगत सांगितली: ड्रिल, पाण्याची धार, हाडात स्क्रू, आणि सुनेचा हात किती हलका. हकिगत उत्तम झाली. मध्यावर आले असताना तोंडात काहीतरी कोमट आणि खारट जमू लागलं. त्यांनी ते गिळलं आणि पुढे चालू ठेवलं. पुन्हा जमलं, पुन्हा गिळलं. शेवटाला येईपर्यंत थर्मासात नुसतं पाणी राहिलं होतं.

सकाळी गाल असा सुजून आला की दाढी करताना वस्तरा कुठून फिरवावा हे कळेना. बायको म्हणाली, “अहो, आरशात बघताय की कुणाला ओळखायचा प्रयत्न करताय?”

सूज थोडीफार येतेच, हे सूनबाईनं सांगितलं होतं. पण इतकी बघून ती विचारणार, हे काटासाहेबांना कळत होतं. ती सकाळीच दवाखान्यात गेली होती, संध्याकाळी येणार. तोवर सूज उतरायला हवी. बायकोचा गुडघा दुखे, त्यासाठी घरात शेकाचा लाल दिवा होता. रोज दुपारी ती त्यापुढे पाय लांब करून बसे आणि सूज उतरली की उठे. गुडघ्याची उतरते तर गालाची का नाही, असा विचार करून त्यांनी दिवा आपल्या खोलीत नेला. नुसता शेक त्यांनी घेतला नाही. ते काटासाहेब होते. डाव्या हातात बर्फ घेतला, दिव्यापुढे गाल धरला, आणि आळीपाळीनं थोडा शेक, थोडा बर्फ, असं चालवलं.

ते बराच वेळ नीट चाललं. मग बर्फाच्या पिशवीतून पाणी ठिबकलं, ते तापलेल्या बल्बवर पडलं, आणि बल्ब फट्‌कन फुटला.

काचा त्यांनी स्वतः गोळा केल्या. बायकोला सांगितलं की विजेचा दाब वरखाली झाला. ती म्हणाली, या घरात काय वरखाली होईल सांगता येत नाही, आणि गुडघ्याला तेल चोळत बसली. फुटक्या बल्बकडे त्यांनी जरा बघितलं असतं तर गरम आणि गार एकत्र आले की प्रत्येक वेळी काटा मध्यावर येतो असं नाही, हे तिथेच दिसलं असतं. पण त्यांची नजर घड्याळावर होती.

सूनबाई आली, बॅग न ठेवताच त्यांच्यासमोर बसली. तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला. एक टाका सैल झाला होता. तिनं टॉर्च विझवला आणि विचारलं, “बाबा, गरम काही लावलं नाहीत ना?”

काटासाहेब म्हणाले, “परवापासून बर्फच तर लावतोय.”

हे खरं होतं. असंच खरं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं: वरून शिक्का बरोबर, आकडा बरोबर, आणि तळाशी पोकळ. हातात घेतल्यावर जे कळतं ते ऐकून कळत नाही, आणि सूनबाईनं ते हातात घेतलं नाही. सासऱ्याचा शब्द आहे म्हटल्यावर ती उठली आणि औषध बदलून दिलं.

सूज यथावकाश उतरली. काटासाहेब पुन्हा वरच्या फळीवर गेले, आता बर्फाशिवाय, आणि हकिगतीत ‘बघा, वाफेनं काही होत नाही’ अशी एक ओळ वाढली. मग तोंडाला वास येऊ लागला. मग चूळ भरताना तिथे ठसठसू लागलं. आणि एक दिवस जिभेनं चाचपताना स्क्रू हलला. अगदी थोडा, पण हलला.

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. काटासाहेबांना खुर्चीवर आडवं केलं होतं, तोंडात दोन्ही बाजूंना कापसाचे बोळे भरले होते, आणि सूनबाई पायाशी उभी होती. मोठ्या डॉक्टरांनी चिमट्यानं स्क्रू हलवून पाहिला, एक्सरे उजेडात धरला, आणि कुणाकडे न बघता म्हणाले, “ड्रिल करताना हाड तापलंय. हात जोरात दाबला असशील, नाहीतर पाणी कमी पडलं.”

“हो सर,” सूनबाई म्हणाली.

काटासाहेबांनी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. घशातून आवाज काढला. मोठे डॉक्टर म्हणाले, दुखतंय का, आणि आणखी एक बोळा ठेवला. मग मात्र त्यांनी प्रयत्न सोडला, आणि कापूस आहे म्हणून त्यांना बरंच वाटलं, हेही नोंदवून ठेवायला हवं. स्क्रू निघाला. तो इतक्या सहज निघाला की मोठ्या डॉक्टरांनी तो सूनबाईला मुद्दाम दाखवला. हाड भरून यायला काही महिने जातील, मग बघू, म्हणाले. आणि हात धुता धुता तिला सांगितलं की तोवर तू आपली दातांत सिमेंट भर.

रागावली असती, रडली असती, तर काटासाहेबांनी निभावून नेलं असतं. तिनं तसलं काही केलं नाही. ती घरी येताना प्लास्टिकचा एक जबडा आणि सरावाचं ड्रिल घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभी राहू लागली. ड्रिल चालवायची, थांबायची, भोकाच्या काठाला बोट लावून किती तापलं ते बघायची. पुन्हा चालवायची. बायको भांडी घासायला आली की बाजूला व्हायची आणि नंतर परत यायची. जेवताना एकाएकी हात थांबवून विचारायची, पाण्याची नळी मी नीट धरली होती ना? नर्सला विचारलं, ती म्हणते धरली होती. मग?

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं काटासाहेबांना सिंकपाशी बोलावलं. म्हणाली, “बाबा, खरं सांगा. ड्रिल चालू होतं तेव्हा तुम्हाला गरम लागलं होतं का?”

“बधिर होतं सगळं.”

“हो, तेही आहे.” तिनं आपला उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. “तुम्हाला वजनातलं कळतं. माझा हात जड आहे का?”

काटासाहेबांना आयुष्यात अनेकांनी अनेक वजनं हातात दिली होती. खोट्या वजनाचा मालक नेहमी छाती पुढे काढून उभा राहतो, आणि ज्याचं खरं असतं तोच घाबरलेला असतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो हात हातात घेतला नाही. नळ गळतोय, असं काहीतरी म्हणाले.

सूनबाई म्हणाली की उद्या ती मोठ्या डॉक्टरांना सांगून टाकणार आहे. इम्प्लांट तिला जमणार नाही. काही हात त्यासाठी नसतात, आणि हे आत्ताच कळलं ते बरं झालं, घरच्याच माणसावर निभावलं. आणि ती चक्क हसली, सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी काटासाहेब मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभे होते. कुलूप उघडताना मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, “तोंड नाही.”

आत बसून त्यांनी सगळं सांगितलं. भट्टी सांगितली, थर्मास सांगितला, तोंडात आलेलं रक्त गिळलं ते सांगितलं, लाल दिवा सांगितला, आणि सूनबाईनं विचारल्यावर काय उत्तर दिलं तेही, शब्दाला शब्द. मोठे डॉक्टर मध्ये एकदाच थांबवून म्हणाले, बर्फाचं परत सांगा. काटासाहेबांनी परत सांगितलं. त्यावर मोठ्या डॉक्टरांचे खांदे हलू लागले, आवाज न होता, आणि चष्मा काढून पुसावा लागला.

“ताज्या जखमेवर उष्णता म्हणजे रक्त आणखी धावून येणार,” ते शांत झाल्यावर म्हणाले. “सूज वाढते, टाके ताणतात, घाण आत शिरायला वाट मिळते. गालावर बर्फ ठेवून बाकी सगळं अंग भाजायला ठेवलं, तर रक्त काय गालाला विचारून धावतं? पुढे जखम भरत आली की कोमट शेक आम्हीच देतो. त्याची वेळ असते.”

“म्हणजे चूक माझी,” काटासाहेब म्हणाले. “तिच्या पारड्यातून काढा आणि माझ्या पारड्यात टाका.”

“तिनं काय सांगितलं होतं तुम्हाला?”

काटासाहेबांनी तेही खरंच सांगितलं. जमलं तर. नाही गेलात तर बरं होईल.

“कागद दिला नाही?”

“घरच्याला काय कागद द्यायचा.”

मोठे डॉक्टर म्हणाले, “पेशंटला नाही म्हणायचं असतं. तिनं सासऱ्याला विनवलं. चूक तिचीही आहे, हाताची नाही, तोंडाची.”

काटासाहेब ते नाकारायला पुढे सरकले.

“आणि आणखी एक. वाफेनंच गेलं असं मी सांगू शकत नाही. दिव्यानं गेलं असेल. ड्रिलनंही गेलं असेल. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर कदाचित बघता आलं असतं. आता तिच्या पहिल्या कामात तिचा हात कसा होता, हे कुणालाच कधी कळणार नाही. तिलाही नाही.”

काटासाहेब आले होते ते वजन एका पारड्यातून दुसऱ्यात टाकायला. ते तर झालं नाहीच, उलट काटाच मोडून ठेवला होता, हे त्यांना समजलं. ते उठले. दारात पोचल्यावर मोठे डॉक्टर मागून म्हणाले की पुढचं इम्प्लांट ती करेल, परक्या माणसावर, मी शेजारी उभा राहीन. तिला ते मी सांगतो. बाकीचं तुम्ही सांगा.

बाकीचं त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, जेवणाच्या टेबलाशी, बायकोसमोर. थर्मासपर्यंत आले तेव्हा बायकोनं तोंडाला हात लावला. दिव्यापर्यंत आले तेव्हा हात काढला आणि म्हणाली, “विजेचा दाब, नाही का?”

सूनबाई उठली. खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दवाखान्यातला तो छापील कागद होता. तो तिनं त्यांच्या ताटाशेजारी ठेवला, त्यावर पेन ठेवलं.

“वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं.”

काटासाहेबांनी चष्मा लावला. शेकाची पिशवी, शेकाचा दिवा, गरम पाण्याचा टब, वाफेची खोली, डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पूर्ण बंद. वाचून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “पण आता कशाला? दाढ तर गेली.”

“पुढच्या खेपेसाठी.”

“तू करणार?”

“नाही. सर करतील. मी तुमचं तोंड उघडं धरणार.” आणि मग, अजिबात न अडखळता, “ती जागा भरेपर्यंत भट्टीत जायचं नाही.”

बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. या घरात काटासाहेबांशी त्या आवाजात कुणी बोललं नव्हतं; तिनं स्वतः मनातल्या मनात पुष्कळदा बोलून पाहिलं होतं, तेवढंच. काटासाहेबांनी सही केली. तारीखही घातली, सवयीनं. खरं म्हणजे आता स्क्रू निघाल्यावर आणि खड्डा भरत आल्यावर भट्टीला काही हरकत उरली नव्हती. हे सूनबाईलाही माहीत होतं. काटासाहेबांनाही, कारण जखम भरत आली की शेक चालतो, हे मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण त्यांनी तो विषय काढला नाही.

आता कुणी काय दिलं ते पाहू.

हेडमास्तरांनी काही दिलं नाही; त्यांना कोपरा मिळाला, डावासकट, आणि ते पाणी इतकं ओततात की शिंपी हल्ली दाराजवळ बसतो. मोठ्या डॉक्टरांनीही काही दिलं नाही. त्यांना हकिगत मिळाली, आणि ती ते काटासाहेबांपेक्षा बरी सांगतात. काटासाहेबांनी दाढ दिली, फळी दिली, आणि जो उपकार सुनेच्या नावावर ठेवायचा होता तो उलटा त्यांच्या नावावर आला. सूनबाईनं परक्या माणसाला बसवलेला स्क्रू हाडात धरला, त्यानंतरचाही धरला. पण ड्रिल थांबवल्यावर ती अजून बोटानं हाडाचा काठ चाचपते, गरम तर नाही ना म्हणून, आणि ते बोट पुढेही तसंच जात राहणार.

राहिली बायको. तिनं कुणाला जबडा देऊ केला नव्हता, कुणाला विनवलं नव्हतं, कुणापासून काही लपवलं नव्हतं. काटासाहेब आता संध्याकाळी घरीच असतात, आणि भट्टीत सांगायचं ते सगळं तिला सांगतात. ती समोर बसून ऐकते, गुडघा चोळत. तिच्या शेकाच्या दिव्याचा बल्ब आणायचं मात्र अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.